शनवाऱ्यातली जीटी

मी घरूनच काम करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. तीन वर्षांपूर्वी जुनी पोलो जीटी टीएसआय घेतली, तेव्हा बाबा म्हणाले, "शनवाऱ्याच्या गर्दीत ही रेसची गाडी कुठं पळवणार?"

प्रश्न बरोबर होता. चाकणला बनलेली ही गाडी. इंजिन फक्त 1.2 लिटरचं, पण टर्बोमुळे ताकद 105 पीएस आणि वजन साधारण 1100 किलो. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन हलकेपणालाच वेगाचं मूळ मानत. त्यांच्या कंपनीची 1996 ची एलिस तर सुमारे 725 किलोचीच होती!

आमच्या बऱ्हाणपुरात मात्र काटा वीसच्या वर जात नाही. भाजी, गॅस सिलिंडर, भाचीची शाळा, हेच तिचं रोजचं काम.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपीसाठी दर आठवड्याला खंडव्याला जायचो. असीरगडजवळ केळीच्या ट्रकमागे अडकलो, तरी रस्ता मोकळा दिसताच काही सेकंदांत पुढे निघता येई. हलक्या गाडीचा खरा उपयोग तिथं कळला.

एकदा मात्र मी उगाच मजेसाठी पाय दाबला. आई काही बोलली नाही. परतताना निमूटपणे मागच्या सीटवर बसली.

त्यानंतर मी तसं कधी केलं नाही. पुढे बसायला तिला दोन महिने लागले. परवा चढावर तीच म्हणाली, "रस्ता मोकळा आहे रे, काढ पुढे."