चेहरा ओळखता येतो. खोटे ओळखता येते का?

पनवेलच्या एका शाळेत शिक्षकांशी गप्पा मारत असताना एका बाईंनी आम्हाला कोड्यात टाकले. त्यांच्या सहावीच्या वर्गात सहलीच्या वर्गणीतली शंभराची नोट हरवली होती. बाईंनी चाळीसही मुलांना एकेक करून विचारले. एक मुलगा मान वर करीना, उत्तर देताना अडखळला, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. संशय अर्थातच त्याच्यावर गेला. चौथ्या दिवशी ती नोट वर्गणी गोळा करणाऱ्या मुलीच्याच वहीच्या कव्हरात सापडली. बाई म्हणाल्या, "मला काही तो चेहरा वाचता आला नाही. पण आपल्या तालुक्यातल्या नव्या विमानतळावर यंत्र चेहरा पाहून माणूस ओळखते म्हणतात. मग खोटे बोलणारा ओळखणारे यंत्र का नसावे?"

प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. 'हा कोण?' हा एक आणि 'याच्या मनात काय?' हा दुसरा. आधी पहिला सोडवू या.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. चेहरा दाखवून आत जाण्याची 'डिजियात्रा' ही सोय मात्र देशात त्याआधीच, डिसेंबर २०२२ मध्ये, दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसी येथे सुरू झाली होती. कॅमेऱ्याला चेहरा 'दिसतो' म्हणजे काय? त्याच्या दृष्टीने फोटो हा आकड्यांचा तक्ता असतो. काळापांढरा फोटो आलेखाच्या कागदासारखा शंभर आडव्या व शंभर उभ्या चौकटींत विभागला, तर दहा हजार चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत ० ते २५५ पैकी एक आकडा. ० म्हणजे मिट्ट काळे, २५५ म्हणजे पांढरे शुभ्र.

दोन फोटोंचे हे आकडे सरळ एकमेकांशी ताडून पाहिले तर फसगत होते. मान जरा वळली, उजेड डावीकडून आला, की हजारो आकडे बदलतात. एकाच माणसाचे सकाळचे आणि संध्याकाळचे फोटो यंत्राला परके वाटतात, तर एकाच उजेडातली दोन वेगळी माणसे सारखी वाटतात. १९९१ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत मॅथ्यू टर्क आणि अ‍ॅलेक्स पेंटलंड यांनी एक नामी युक्ती वापरली. पुष्कळ चेहऱ्यांचा मिळून एक सरासरी चेहरा काढायचा आणि मग कोणताही चेहरा 'सरासरीपेक्षा हा कोणत्या बाबतीत किती वेगळा' अशा मोजक्या आकड्यांत मांडायचा. दहा हजार आकड्यांचे काम काही डझनांवर आले.

पुढे हे मोजकेच आकडे कसे निवडावेत, हे यंत्राने स्वतःच शिकावे अशी पद्धत आली. गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रत्येक चेहऱ्याचे १२८ आकडे होतात. पनवेलच्या नकाशावर एखादे घर दाखवायला आपल्याला दोन आकडे पुरतात, अक्षांश आणि रेखांश. चेहऱ्यांच्या या 'नकाशा'त दोनाऐवजी १२८ आकडे लागतात, एवढाच फरक. यंत्राला एकाच माणसाचे दोन फोटो आणि दुसऱ्याचा एक असे लाखो संच दाखवतात. पहिले दोन नकाशावर जवळ आले पाहिजेत आणि तिसरा दूर गेला पाहिजे. चुकले की आकडे काढण्याची रीत किंचित बदलायची, पुन्हा दाखवायचे. आपण पाढे असेच घोकून घेतो, फक्त यंत्र कंटाळत नाही.

शेवटी उरते अंतर मोजणे. किती अंतरापर्यंत 'तोच' म्हणायचे, ही मर्यादा मात्र माणूसच ठरवतो. ती कडक ठेवली तर नवा चष्मा लावलेला प्रवासी दाराशी अडकेल. सैल ठेवली तर त्याचा भाऊ आत जाईल. विमानतळावर हे निभावते, कारण प्रवाशाने आपले नाव व फोटो आधी स्वतःच दिलेला असतो, आणि यंत्र अडले तर बाजूला ओळखपत्र पाहणारा जवान उभा असतो.

गर्दीत कोणाला तरी शोधायचे म्हटले की हिशेब पार बदलतो. समजा, एखाद्या स्थानकातून दिवसाला एक लाख माणसे जातात आणि त्यांत पोलिसांना हवे असलेले दहा आहेत. यंत्र शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर ठरते असे धरू. ते दहाही जणांना बहुधा पकडेल. पण उरलेल्या ९९,९९० मधल्या शंभरातल्या एकाला, म्हणजे सुमारे हजार निरपराध माणसांनाही ते हटकेल. घंटा वाजली की तो गुन्हेगार असण्याची शक्यता शंभरात एक! आणि चुका सर्वांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. २०१८ साली एमआयटीमधल्या एका अभ्यासात चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणारी विक्रीतली यंत्रे तपासली गेली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ती शंभरात एकदाही चुकत नव्हती. सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका यंत्राची चूक शंभरात चौतीसच्या वर होती. 

आता बाईंचा खरा प्रश्न. चेहरा ओळखायला शिकवताना बरोबर उत्तर आपल्या हाती असते; दोन्ही फोटो एकाच माणसाचे, यात शंका नसते. खोटेपणाचे बरोबर उत्तर कुठून आणायचे? प्रयोगशाळेत स्वयंसेवकांना 'आता खोटे बोला' असे सांगतात. त्यांचे त्यात काय जाणार? आणि मुळात खोटे बोलताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उमटतेच असे एकही चिन्ह आजवर सापडलेले नाही. नजर खाली जाणे हे भीतीचे, लाजेचे किंवा निव्वळ दमल्याचे लक्षण असू शकते. आपल्याकडे तर मोठ्यांपुढे मान खाली घालणे हीच रीत मानतात. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली शेकडो प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात माणसे शंभरात सरासरी ५४ वेळा बरोबर निघाली. नाणे उडवले तर पन्नास!

तरी मोह सुटत नाही. युरोपीय संघाच्या पैशाने २०१६ ते २०१९ या काळात सीमेवर प्रवाशांच्या चेहऱ्यावरून खोटे ओळखणारे यंत्र तयार झाले. २०१९ साली एका पत्रकार बाईंनी हंगेरीच्या सीमेवर ते स्वतःवर करून पाहिले. सोळा प्रश्नांची सोळाही उत्तरे त्यांनी खरी दिली. यंत्राने चार खोटी ठरवली. युरोपच्या २०२४ च्या कायद्याने शाळेत आणि कामाच्या जागी भावना ओळखणारी यंत्रे वापरायला, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली. ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे.

आपल्याकडे हा वाद चेहऱ्यापेक्षा मेंदूवरून गाजला. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूतील विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेतला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी' खटल्यात निकाल दिला, की अशी चाचणी, लाय डिटेक्टर किंवा नार्को चाचणी कोणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही.

बाईंना आम्ही एक खेळ सुचवला. यंत्र शंभरात ऐंशी वेळा बरोबर आहे असे उदारपणे मानू या. पाच चिठ्ठ्या घ्या, एकीवर फुली काढा. एका मुलाला गुपचूप 'चोर' नेमा. प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची, पाहायची आणि घडी करून परत टाकायची. फुली म्हणजे यंत्र चुकले: साव असून फुली आली तर उभे राहायचे, चोर असून फुली आली तर बसून राहायचे. एकोणचाळीस सावांपैकी सुमारे आठ जण उभे राहतील, हे गणित मुलांना आधी फळ्यावर करायला लावा.

पुढच्या आठवड्यात बाईंचा निरोप आला. नऊ मुले उभी राहिली होती. नऊही साव होती. चोर शेवटच्या बाकावर आरामात बसला होता.