कानानं खेळायचा टँक

नव्वदच्या दशकात डोंबिवलीत उन्हाळ्याची सुट्टी लागली की ज्याच्याकडे व्हिडिओगेम, त्याच्या वन-रूम-किचनमध्ये अख्ख्या मजल्यावरची पोरं नंबर लावून बसत. यंत्र लिटल मास्टर नाहीतर मीडियाचं, म्हणजे निन्टेंडोच्या 1983 सालच्या फॅमिकॉमची नक्कल. कॅसेटवर गेमांचा आकडा लाखांत, आत फिरून फिरून तेच. मारिओ आणि काँट्रा भाव खाऊन गेले. ‘बॅटल सिटी’ मात्र नुसता ‘टँकवाला गेम’च राहिला.

नामकोनं तो 1985मध्ये काढला. 35 लेव्हल, प्रत्येकीत शत्रूचे 20 टँक, आणि खाली विटांच्या आडोशाला सांभाळायचा गरुड. सुरुवातीची छोटीशी धून वाजली की संगीत संपलं. पुढे फक्त इंजिन. टँक उभा असला की खालच्या पट्टीत घरघर, बटण दाबलं की तीच घरघर चढते. गोळी विटेवर बसली तर एक आवाज, पोलादावर आपटली तर निराळा. बर्फावर घसरण्याचाही वेगळा. लुकलुकणारा टँक टिपला की बक्षीस आल्याची सूचना कानाला आधी मिळे. मारिओचं संगीत कितीही गोड असो, ते खेळाच्या सोबतीला असतं. इथं आवाज हाच खबऱ्या. दुपारी आजी लवंडल्यावर टीव्ही मुका करून खेळायला लागलं, की याची किंमत कळायची. नजर खालच्या गरुडावर, आणि वर आपल्या गोळ्या पोलादावर फुकट चालल्यात याचा पत्ताच नाही!

हे सगळं फॅमिकॉमच्या चिपमधल्या पाच आवाजांच्या जोरावर: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांसाठी. चौकोनी लहर किती वेळ चालू नि किती वेळ बंद, या प्रमाणावर आवाज भरीव लागणार की किनरा, हे ठरतं. गंमत अशी, की नकली यंत्रांतल्या बऱ्याच चिपांत यातली दोन प्रमाणं, 25 टक्के आणि 50 टक्के, एकमेकांच्या जागी बसली होती. सूर तोच, पण पोत बदललेला. शिवाय जपानी टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र रंगवायचा, आपला 50 वेळा. यंत्र आपल्या टीव्हीच्या चालीनं चाललं की गेमही रेंगाळायचा.

थोडक्यात, नामकोनं बेतलेला आवाज आपल्याकडे बऱ्याच घरांत जसाच्या तसा पोचलाच नसणार. मी अलीकडे मूळ जपानी आवृत्ती ऐकली. मला ती घाईत असल्यासारखी वाटली, आणि जरा बेसूरही.