पणजी : जुन्या गोव्याची वारसदार

पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवरची भली मोठी घंटा मुळात पणजीची नाही. ती होती जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठात. १८३५ च्या सुमारास धार्मिक संघ बरखास्त झाले आणि मठ ओस पडला. घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात गेली, मग १८७१ साली पणजीला आली. मांडवीकाठच्या या शहराचा बराचसा वारसा असाच आला आहे. साथींनी जुना गोवा ही आधीची राजधानी रिकामी केली. तिचे जे वाचले, ते पणजीने वापरात ठेवले.

पाहायची सुरुवात आदिलशाही राजवाड्यापासून करावी. विजापूरकरांचा हा नदीकाठचा वाडा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेला. १७५९ पासून व्हाइसरॉय इथे राहू लागला आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. पोर्तुगीज राजवटीतून मुक्ती मिळाल्यावर गोव्याची विधानसभाही बरीच वर्षे इथेच भरे. लोक अजून त्याला ‘जुने सचिवालय’ म्हणतात. शेजारीच आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. ही किमया प्रयोग करणाऱ्याच्या शक्तीची नसून समोरच्या माणसाच्या मनाची आहे, हे त्याने ठामपणे मांडले. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये घडवलेल्या या पुतळ्यात तो आवेश दिसतो.

आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्थेत जरूर डोकवावे. प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशांमध्ये पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत. पोर्तुगीज साम्राज्याची थोरवी गाणारे हे दालन आज पोर्तुगीज हुकूमशाहीवर निर्भीडपणे लिहिणाऱ्या गोमंतकीय पत्रकाराचे नाव मिरवते.

तिथून फोंताईनस या जुन्या वस्तीकडे वळा. चिऱ्यांच्या भिंती, कौले, रस्त्यावर झुकलेले सज्जे, पिवळे, निळे, तांबडे रंग. इथल्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधला क्रूस एके काळी इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. इन्क्विझिशन संपल्यावर तो राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथे. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. ज्यांना त्या वाड्यात उभे केले गेले, त्यांची आठवण इथे यावीच.

परतताना रायबंदरचा कॉजवे धरा. व्हाइसरॉय असलेल्या लिन्यारिशच्या काउंटच्या कारकिर्दीत, १६३०च्या दशकात, खाजणाच्या चिखलावर बांधलेला हा सुमारे तीन किलोमीटरचा रस्ता आजही वाहने पेलतो.

या वास्तू टिकल्या त्या राहत्या, चालत्या राहिल्या म्हणून. फोंताईनसमध्ये आजही माणसे नांदतात. फोटोसाठी त्यांच्या पायऱ्या अडवू नका, दुपारच्या वेळी आवाज करू नका. तिथे राहणाऱ्यांचा जीव रमला, तरच ती घरे उभी राहतील.