स्कर्टिंगचं माप भिंतीच्या पायाशी

घरात फरशीकाम निघालं की स्कर्टिंगचा हिशोब सगळ्यात शेवटी आणि बहुधा अंदाजपंचे होतो. भिंतीच्या कडेची ती चार इंची पट्टी ‘उरलेल्यातून निघेल’ म्हणून सोडून दिली जाते आणि काम संपत आल्यावर दोन टाइलांसाठी दुकानाच्या खेपा सुरू होतात.

‘खोली किती स्क्वेअर फुटांची ते सांगा, स्कर्टिंग काढून देतो.’ हा सर्वांत पक्का गैरसमज. स्कर्टिंग लागतं रनिंग फुटात, म्हणजे क्षेत्रफळावर नव्हे, परिमितीवर. 10 बाय 12 ची बेडरूम 120 चौरस फुटांची, तिची परिमिती 44 फूट. 6 बाय 20 ची अरुंद खोलीही 120 चौरस फुटांचीच, पण परिमिती 52 फूट. करारातला कार्पेट एरिया तर इथे मुळीच कामाचा नाही. रेराच्या व्याख्येप्रमाणे त्यात घरातल्या आतल्या भिंतींखालची जागाही धरलेली असते. टेप घेऊन, जमिनीलगत, एकेक भिंत मोजावी.

कॉलम दिसला की लोक माप वाढवतात. कोपऱ्यातल्या चौकोनी कॉलममुळे स्कर्टिंग एक इंचही वाढत नाही, कारण तो भिंतीचा जेवढा भाग झाकतो तेवढाच स्वतःच्या दोन बाजूंनी परत देतो. भिंतीच्या मधोमध 9 इंच पुढे आलेला कॉलम मात्र दीड फूट वाढवतो.

‘दारं-खिडक्या वजा करा’ हेही अर्धंच खरं. दार वजा होतं, बाल्कनीचा सरकता दरवाजाही होतो. पण साध्या खिडकीखालून पट्टी जातेच. शिवाय चौकट भिंतीच्या एका अंगाला बसवली असेल, तर दुसरीकडे उघड्या राहणाऱ्या भिंतीच्या जाडीलाही दोन्ही बाजूंना तुकडे लागतात.

आता टाइलांचं गणित. दोन बाय दोनच्या टाइलमधून चार इंची सहा पट्ट्या निघतात, हे फक्त कागदावर. प्रत्येक कापाला ब्लेड साधारण दोन मिलिमीटर खातं, त्यामुळे पूर्ण उंचीच्या पाचच पट्ट्या हाती येतात. सहा हव्या असतील तर उंची 95 मिलिमीटरवर आणावी. नजरेला तो फरक जाणवत नाही. वरच्या 10 बाय 12 च्या बेडरूममध्ये तीन फुटांचं एक दार वजा जाता 41 फूट उरले. तुटफूट आणि कोपऱ्यांसाठी दहा टक्के धरले की 45 फूट. एका टाइलमधून पाच पट्ट्या, म्हणजे दहा फूट; म्हणून पाच टाइल.

भिंतीतल्या कपाटामागे आणि ओट्याखालच्या ट्रॉल्यांमागे स्कर्टिंग हवं की नको, हे आधी सुताराशी बोलून ठरवावं. पट्टी पुढे आलेली असेल तर फर्निचर भिंतीला टेकत नाही आणि मग बसवलेलं स्कर्टिंग फोडावं लागतं.

स्कर्टिंगच्या टाइल फरशीच्याच ऑर्डरमध्ये घ्याव्यात. बॉक्सवर शेड आणि बॅच नंबर छापलेला असतो, तो सगळ्या बॉक्सांवर एकच आहे ना, हे माल उतरवतानाच पाहावं. डिझाइनचं नाव तेच असलं तरी पुढच्या बॅचचा रंग किंचित वेगळा येऊ शकतो, आणि फरशीला चिकटून बसलेल्या पट्टीत तो लगेच दिसतो.