मोजणी आणि मुलाखत

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकास, मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांच्या सीमेस लागून गोंदिया जिल्हा वसलेला आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो निर्माण झाला. तलाव, भातशेती आणि अरण्य ही या जिल्ह्याची संपत्ती होय. सालेकसा, देवरी यांसारख्या तालुक्यांत वनप्रदेश बराच असून कित्येक वस्त्या लहान व विखुरलेल्या आहेत. मराठीबरोबरच गोंडी, पोवारी, हिंदी या भाषाही येथील घरांत ऐकू येतात.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या आणि वर्गातले शिक्षण फोनच्या पडद्यावर आले. ते मुलांपर्यंत कितपत पोहोचले, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न झाला. अशा प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे दोन मार्ग आहेत. एक मोजणीचा आणि दुसरा मुलाखतीचा.

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीने त्याच वर्षी मोजणीचा मार्ग अवलंबिला. ग्रामीण भारतातील शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असणाऱ्यांचे प्रमाण २०१८ साली शेकडा ३६.५ होते, ते २०२० साली ६१.८ झाल्याचे तीत आढळले. परंतु पाहणीपूर्वीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच होती. म्हणजे घरात फोन आला, तरी त्यामागून शिक्षण आलेच असे नाही. असे का व्हावे, हे आकडे सांगू शकत नाहीत.

समजा, ऐन रोवणीच्या दिवसांत एका मुलीस विचारले, “घरी फोन आहे काय?” ती म्हणेल, “आहे.” कोष्टकात एक खूण पडेल व काम संपेल. पण तिलाच “काल सकाळपासून रात्रीपर्यंत फोन कोणाकोणाजवळ होता?” असे विचारले, तर निराळीच हकिकत बाहेर येईल. दिवसभर फोन वडिलांबरोबर बांधीत असतो. सायंकाळी तो थोरल्या भावाच्या हाती जातो. तिच्या वाट्यास येतो तेव्हा धडा संपलेला असतो. ज्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपत नाही, त्यास खुला प्रश्न म्हणतात. मुलाखतीचा सारा आधार अशा प्रश्नांवर असतो.

या पद्धतीचे मोल थोर शास्त्रज्ञांनीही ओळखले होते. १९२० च्या सुमारास स्विस शास्त्रज्ञ झाँ पियाजे हे पॅरिस येथे मुलांच्या बुद्धिमापन कसोट्यांवर काम करीत होते. बरोबर उत्तरे मोजून न थांबता, मुले चुकीचे उत्तर का देतात, हे ते त्यांच्याशी बोलून जाणून घेऊ लागले. त्या संभाषणांतून बालकांच्या विचारशक्तीच्या अभ्यासास नवी दिशा मिळाली.

मात्र मुलाखत म्हणजे केवळ गप्पा नव्हेत. तिलाही शिस्त आहे. प्रथम मुलाची व पालकांची संमती घ्यावी लागते. नाव गुप्त ठेवण्याचे वचन द्यावे लागते आणि ते पाळावे लागते. उत्तर सुचविणारा प्रश्न टाळावा लागतो. मूल गोंडीत मोकळेपणाने बोलत असेल, तर त्याच भाषेत ऐकणारा मनुष्य सोबत हवा. मूल गप्प झाले, तर त्यास घाई न करता थांबावे लागते. पुढे सर्व बोलणे शब्दशः उतरवून पुन्हा पुन्हा वाचतात. अनेकांच्या सांगण्यात येणारे समान धागे वेगळे काढतात आणि जे त्यांत बसत नाही, त्याचीही नोंद ठेवतात.

मुलाखतीस मर्यादाही आहेत. वीस मुलांच्या बोलण्यावरून जिल्ह्यातील किती मुलांची तीच अडचण आहे, हे ठरविता येत नाही. त्यासाठी मोजणीच हवी. मोजणी अडचणीचा विस्तार दाखविते, तर मुलाखत तिचे कारण दाखविते.

आणि कारण कळल्यावाचून उपाय सापडत नाही. घरी फोनच नसेल, तर तो मिळवून द्यावा लागेल. फोन बांधीत जात असेल, तर धड्याची वेळ बदलावी लागेल. पडद्यावरची भाषाच उमगत नसेल, तर गावातील एखाद्या शिकलेल्या ताईने जवळ बसून समजावून सांगावे लागेल. यांपैकी कोणता उपाय योजावा, हे त्या मुलांखेरीज दुसरे कोण सांगणार?