दूरच्या मुलखाची घडण

अवकाशातील साम्राज्ये, त्यांची युद्धे आणि त्यांतील घराण्यांची पिढीजात वैरे ज्यांत विस्ताराने रंगविली जातात, त्या ‘स्पेस ऑपेरा’ चित्रपटांचे सामर्थ्य यंत्रांच्या चकचकाटात असते, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ते असते कल्पित मुलखाचा कारभार, तेथील वहिवाट आणि तेथील झीज प्रेक्षकाच्या डोळ्यांना पटवून देण्यात. 1977 साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’साठी राल्फ मॅक्वॉरी या चित्रकाराने आधी चित्रे रंगवून त्या विश्वाचे रूप निश्चित केले, मग प्रतिकृतिकारांनी रणगाड्यांच्या आणि विमानांच्या खेळण्यांचे सुटे भाग चिकटवून, वर काजळी आणि ओरखडे चढवून, अवकाशयाने अशी सिद्ध केली की, ती वर्षानुवर्षे राबत आली आहेत याविषयी कोणास शंका उरू नये.

ही दृष्टी महाराष्ट्रास परकी नाही. ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात (1936) अखेरीस वैकुंठाचे विमान अवतरते आणि ते आपल्याला पटते, कारण दामले आणि फत्तेलाल या दिग्दर्शकद्वयाने तत्पूर्वी देहूचा संसार, त्यातील दारिद्र्य आणि दारची म्हैस यांसह, पूर्ण निष्ठेने उभा केलेला असतो. ‘ब्लेड रनर’मधील (1982) आकाशात ज्वाला ओकणारी नगरीदेखील रिडली स्कॉट यांना स्फुरली ती ईशान्य इंग्लंडमधील टीसाइडच्या रासायनिक कारखान्यांच्या दर्शनातून.

मग आपल्या कोकणातील महाडची औद्योगिक वसाहत याहून काय उणी आहे? रसायनांच्या कारखान्यांतील उंच कॉलम, नळ्यांची गुंतागुंत आणि रात्रपाळीचे दिवे एकीकडे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी रचलेला पोलादपूरकडचा सह्याद्री दुसरीकडे. गांधारपाल्याची कोरीव लेणी, आणि या साऱ्यांमधून वाहणारी, जुलै 2021 मध्ये महाड शहर बुडविणारी सावित्री! जेथे पूर येत नाही, लोखंड गंजत नाही आणि पाळी संपल्यावर थकलेला कामगार घरी परतत नाही, असे विश्व पडद्यावर कितीही भव्य दिसले तरी ते निर्जीवच राहते.

म्हणून परग्रहाची कथा पडद्यावर आणू इच्छिणाऱ्या तरुण मराठी कलावंतांना आग्रहाची विनंती आहे: संगणकापुढे बसण्यापूर्वी चित्रवही घेऊन या वसाहतीच्या रस्त्यांवरून हिंडा, आणि येथील माणसे कशी राबतात ते आधी नीट पाहा.