रानाचे राखणदार

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गोंदिया जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. हा प्रदेश तळ्यांचा आणि धानाचा. तितकाच तो रानाचाही आहे. म्हणूनच या भागाला झाडीपट्टी असे नाव पडले आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आहे. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी तो बांधला, असे सांगतात. या तलावाभोवतीच्या डोंगरांवर आणि उत्तरेकडील नागझिऱ्याच्या रानात साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह आणि बांबू यांची दाटी आहे. वाघ, बिबट, अस्वल, रानगवा, सांबर आणि रानकुत्रे यांचे ते घर होय. नागझिऱ्याचे अभयारण्य १९७० मध्ये व नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये झाले. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये ही राने व त्यांच्या शेजारची अभयारण्ये मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प निर्माण करण्यात आला.

गावात चोरी झाली, तर ज्याची वस्तू गेली तो पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद देतो. रानात चोरी झाली, तर फिर्याद कोणी द्यावी? तोडलेल्या सागाला वाचा नसते; फासात अडकून मेलेले हरिण साक्ष देऊ शकत नाही. अशा मुक्या प्राण्यांचा आणि वृक्षांचा फिर्यादी म्हणून शासनाने एक माणूस नेमला आहे. तो म्हणजे वनरक्षक. विदर्भातील खेड्यांत जुनी माणसे त्याला अजूनही ‘नाकेदार’ म्हणतात. ही गरज सर्व देशांना भासली आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात १८८० मध्ये या कामासाठी आठ रक्षक नेमले गेले. त्यांच्या जागी आज काम करणाऱ्यांना तेथे पर्यावरण संरक्षण अधिकारी म्हणतात आणि त्यांना पोलिसांचे अधिकार असतात.

आपल्याकडे रानाचे लहान लहान भाग पाडलेले असतात. अशा एका भागाला नियतक्षेत्र किंवा बीट म्हणतात आणि तो एका वनरक्षकाच्या स्वाधीन असतो. काही बीटांवर वनपाल देखरेख करतो व त्याच्यावर वनक्षेत्रपाल असतो. एका बीटाचा विस्तार कित्येक चौरस किलोमीटर असतो. तेवढ्या रानातील प्रत्येक पायवाट, प्रत्येक पाणवठा आणि प्रत्येक नाला वनरक्षकाच्या ओळखीचा असावा लागतो. या कामावर आता पुरुषांप्रमाणे स्त्रियाही आहेत. अंगावर खाकी गणवेश, हातात काठी, सोबत पाण्याची बाटली आणि एखादा वनमजूर एवढ्या सामग्रीनिशी ते रोज पायी गस्त घालतात. अलीकडे त्यांच्याजवळ मोबाईलही असतो. गस्त कोणत्या वाटेने घातली, कोठे पाऊलखूण आढळली, कोठे काय वावगे दिसले, याची नोंद त्यात होत जाते.

समजा, गस्तीत सागाचे एक ताजे थुट दिसले. वनरक्षक प्रथम त्याची गोलाई मोजतो. नंतर त्यावर शासकीय हातोड्याचा ठसा उमटवितो, म्हणजे त्या थुटाची ओळख कायम राहते. आसपास कुऱ्हाडीचे ढलपे, बैलगाडीच्या चाकोऱ्या किंवा पावलांचे ठसे आहेत काय, हे तो पाहतो. पंचांना बोलावून पंचनामा करतो आणि प्राथमिक गुन्हा अहवाल लिहितो. माल सापडल्यास तो जप्त होतो व प्रकरण न्यायालयात जाते. तेथे वनरक्षकाला साक्ष द्यावी लागते. पंचनाम्यात एखादी नोंद राहून गेली असेल, तर त्या उणिवेचा लाभ आरोपीला मिळू शकतो. म्हणून वनरक्षकाला पाय जसे चपळ हवेत, तशी लेखणीही चोख हवी.

या अधिकारांमागे दोन मुख्य कायदे उभे आहेत. एक १९२७ चा भारतीय वन अधिनियम आणि दुसरा १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम. वाघासारख्या प्राण्याची शिकार करणाऱ्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. परंतु शिकारी काही डंका पिटून येत नाही. तो वाटेवर तारेचा फास मांडतो, पाणवठ्यात विष कालवितो, किंवा विजेच्या वाहिनीवर आकडा टाकून जमिनीलगत उघडी तार पसरतो. रानडुकरासाठी लावलेल्या त्या तारेला वाघ लागतो, बिबट लागतो, कधी गावचा माणूसही लागतो. यासाठी वनरक्षक काठीने पाचोळा चाळीत फास शोधतात, पाणवठ्याकाठी मेलेले पाखरू किंवा मासा दिसला तरी पाण्याचा संशय धरतात, आणि रात्रीच्या वेळी वीजवाहिन्यांखालून गस्त घालतात.

उन्हाळा लागला, की दुसरा शत्रू उभा राहतो. तो म्हणजे वणवा. फेब्रुवारीपासून पानगळ होऊन रानात वाळलेल्या पानांचा थर साचतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून कोणी झाडाखालचा पाचोळा पेटवितो. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून कोणी रान जाळतो. मोठे वृक्ष कदाचित तगतात, पण रोपटी, बिया आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी भस्म होतात. वनरक्षक उन्हाळ्यापूर्वीच ठराविक रुंदीचे पट्टे साफ करून जाळून ठेवतात. त्यांना जाळरेषा म्हणतात. तेथे जळण्याजोगे काही उरत नसल्यामुळे आग पुढे सरकत नाही. उपग्रहाला आग दिसली, की तिचे ठिकाण डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून कळविले जाते. तथापि उपग्रह आग दाखवू शकतो, विझवू शकत नाही. ती विझविण्यासाठी माणसालाच हिरव्या फांद्या घेऊन धुरात शिरावे लागते. पालापाचोळा उडवून लावणारी यंत्रे आता हाताशी आहेत. तरीही वारा फिरला म्हणजे जिवाचा भरवसा नसतो. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या रानात वणवा विझविताना तीन वनमजूर मृत्युमुखी पडले.

वनरक्षकाच्या कामाला शास्त्राचीही बाजू आहे. देशात दर चार वर्षांनी वाघांची मोजणी होते. तिच्यासाठी वनरक्षक ठरलेल्या वाटा चालून पावलांचे ठसे, विष्ठा व झाडांवरील ओरखडे टिपून घेतो. पुढे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधले जातात. दोन कॅमेरे कशासाठी? कारण वाघाच्या डाव्या व उजव्या अंगावरील पट्टे सारखे नसतात. दोन्ही बाजूंचे चित्र मिळाले, म्हणजे तो वाघ नक्की कोणता, हे ओळखता येते. आपल्या बोटांचे ठसे जसे दुसऱ्या कोणाशी जुळत नाहीत, तसेच वाघाच्या पट्ट्यांचे आहे. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडण्यात आल्या. त्यांच्या गळ्यात संदेश पाठविणारे पट्टे होते. त्या कोठे जातात, शिकार करतात की उपाशी राहतात, गावाकडे तर वळत नाहीत ना, हे पाहण्यासाठी वनकर्मचाऱ्यांची पथके त्यांच्या मागावर ठेवण्यात आली.

गावाजवळ वाघ आला, म्हणजे वनरक्षकाची खरी परीक्षा असते. बातमी पसरताच माणसांचे थवे जमतात. कोणी मोबाईलवर चित्र घेऊ पाहतो, कोणी दगड उचलतो. अशा वेळी वाघाला माणसांपासून आणि माणसांना वाघापासून वाचवायचे असते. गाय मारली गेली किंवा रानडुकरांनी धान तुडविले, तर पंचनामा करून नुकसानभरपाईचे प्रकरण पाठवावे लागते. हे काम लांबले, तर शेतकऱ्याचा राग रानावर निघतो. मार्च-एप्रिलात बायामाणसे पहाटे मोहफुले वेचायला जातात. वाकून वेचणारा माणूस वाघाला जनावरासारखा भासण्याचा संभव असतो. म्हणून ‘उजाडल्यावर जा, एकटे जाऊ नका, आपसांत बोलत राहा,’ हे सांगत वनरक्षक घरोघर फिरतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. कायद्याची काठी कितीही लांब असली, तरी तिला मर्यादा आहे. सारस पक्ष्याचेच उदाहरण घ्या. माणसाच्या उंचीचा, लाल डोक्याचा हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात व त्याच्या आसपास उरला आहे. तो राहतो तळ्यांकाठी आणि घरटे बांधतो चिखलातील धानाच्या बांधीत. ती जागा अभयारण्यात नसते. कोणा शेतकऱ्याच्या मालकीची असते. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि सुमारे महिनाभर नर-मादी ती आळीपाळीने उबवितात. तेवढे दिवस त्या बांधीवर पहारा कोण ठेवणार? सारसाची घटती संख्या पाहून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. दर वर्षी वनविभाग व पक्षिमित्र मिळून त्यांची गणनाही करतात. परंतु अंड्यांचे रक्षण व्हायचे, तर शेतकऱ्यानेच घरट्यापुरती जागा सोडली पाहिजे. सारसाचे घरटे आपल्या बांधीत असणे हे भूषण आहे, असे त्याला वाटू लागले, की तेथे एक बिनपगारी वनरक्षक उभा राहिला असे समजावे.

हा विश्वास हुकूम सोडून मिळत नाही. त्यासाठी अधिकाऱ्याला लोकांजवळ बसावे लागते आणि त्यांच्याकडून शिकावे लागते. मारुती चितमपल्ली हे नवेगावबांधला वनाधिकारी होते. पक्ष्यांविषयी पुस्तकांत जे नव्हते, ते त्यांनी रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसांकडून समजून घेतले. त्यांत नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार हे प्रमुख होते. त्या ज्ञानातून पुढे चितमपल्लींची पुस्तके लिहिली गेली आणि मराठीला रानाचे अनेक शब्द मिळाले. बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ म्हणतात, तो शब्द त्यांनीच रूढ केला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली व त्याच वर्षी जून महिन्यात ते निवर्तले.

दर वर्षी ११ सप्टेंबर हा दिवस राष्ट्रीय वन शहीद दिन म्हणून पाळला जातो. १७३० मध्ये राजस्थानातील खेजडली गावी वृक्ष वाचविण्यासाठी ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, त्यांचे हे स्मरण आहे. त्यांच्याबरोबर आपल्या काळातील माणसांचेही त्या दिवशी स्मरण केले जाते. नोव्हेंबर २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबात वाघांच्या गणनेचे काम करीत असताना एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केले. ज्या वाघांची राखण करायची, त्यांच्याच पंजाचे भय मनात घेऊन ही माणसे रोज रानात पाऊल टाकतात, हे आपण विसरता कामा नये.

सैनिकाचा विजय सर्वांना दिसतो. डॉक्टरने बरा केलेला रोगी चालत घरी जातो. वनरक्षकाचे यश मात्र दिसत नाही. जे झाड तुटले नाही, जी ठिणगी पेटली नाही, जो फास सांबर येण्यापूर्वी उचलला गेला, ते त्याचे यश. दिवसभराची पायपीट करून तो चौकीवर परततो, पाय धुतो आणि दिव्याच्या उजेडात दैनंदिनी उघडतो. एखाद्या चांगल्या दिवशी तीत एकच ओळ लिहिलेली असते : ‘आज संपूर्ण बीट फिरलो. गुन्हा आढळला नाही.’